इराणच्या बागेवरून गेलेली तार

मला करार वाचायला आवडतात. हॅम्बर्गच्या मराठी मंडळात कुणी नव्याने भेटलं आणि काय करतेस असं विचारलं, की मी उत्साहाने सांगायला लागते. एकोणिसाव्या शतकात साम्राज्यांनी परक्या मुलखातून तारायंत्राच्या तारा न्यायच्या ठरवल्या, त्यासाठी एकमेकांशी करार केले, त्या करारांवर मी पीएच.डी. करतेय. समोरचा माणूस ‘अरे वा’ म्हणतो आणि त्याला तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरची भजी आठवतात.

त्याला काय कळणार, म्हणून मी मनातल्या मनात चिडते. लंडनला हिंदुस्थानाशी बोलायचं होतं, तेही ताबडतोब. तार टाकायची तर मधे प्रशिया, मग रशिया, मग इराण. म्हणजे लंडनहून निघालेला निरोप तीन राजांच्या दारातून जाऊन कराचीला पोचणार आणि तिथून पुढे मुंबई-कलकत्त्याला. आपला निरोप दुसऱ्याच्या अंगणातून जायचा असेल, तर अंगणवाल्याशी आधी बोलावं लागतं. खांब कुणाचे, दुरुस्ती कोण करणार, मिळकतीत वाटा किती, भांडण झालं तर कुणाचं ऐकायचं. प्रत्येक कलमामागे कुणीतरी रुसलेलं, कुणीतरी संशयी, कुणीतरी हावरं असतं. मला त्या रुक्ष भाषेतून माणसं भांडताना ऐकू येतात आणि मी ग्रंथालयात एकटीच हसते.

गेल्या वर्षीच्या वसंतात मात्र मी हसत नव्हते. माझ्या प्रबंधाचं इराणवरचं प्रकरण माझ्या प्रोफेसरबाईंनी परत पाठवलं होतं. बाई शिस्तीच्या आणि मितभाषी. पन्नासेक पानांच्या प्रकरणावर त्यांनी पेन्सिलीने एकच वाक्य लिहिलं होतं, “यात इराण कुठे बोलतो?” नंतर भेटीत त्यांनी समजावून सांगितलं. लंडनला काय हवं होतं ते तू लिहिलंस, बर्लिनला आणि पीटर्सबर्गला काय हवं होतं तेही लिहिलंस. तेहरानबद्दल फक्त एवढंच कळतं, की ते लोक इतरांना त्रास देत होते. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, “हे प्रकरण सुधारलं तर मी तुझ्या मुदतवाढीसाठी शिफारस करीन. असंच राहिलं तर मला करता येणार नाही.”

माझं विद्यापीठातलं कंत्राट डिसेंबरात संपणार होतं, आणि इथे राहायचा परवाना, म्हणजे तो जीभ वळता वळत नाही असा आउफएंटहाल्ट्सटिटेल, त्याच कंत्राटाला बांधलेला. नवऱ्याची विमानाच्या कारखान्यात पक्की नोकरी होती, तेव्हा उपाशी मरणार नव्हतो, आणि त्याच्या नोकरीवर मला राहताही आलं असतं. पण राहायचं कशासाठी? इतकी वर्षं घालवलेला प्रबंध अर्धा टाकून ‘मिसेस अमुकतमुक’ म्हणून राहायचं? माझा जीव त्या प्रकरणात अडकला होता, आणि ते प्रकरण काही केल्या हलत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या हाती एक बाग होती. इथे शहराच्या कडेला रेल्वेच्या रुळांजवळ छोट्या छोट्या बागांच्या वसाहती असतात. महिन्याकाठी थोडं भाडं, एक लाकडी खोपटं आणि पुस्तकभर नियम. कुंपणाची मेंदी किती उंच, गवत कधी कापायचं, दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही. वसाहतीचा कारभार एक संघ बघतो, त्याला फेराइन म्हणतात. या फेराइनचा ऑगस्टात जत्रेसारखा उत्सव होतो, आणि त्यात दरवर्षी एका बागवाल्याने काहीतरी करून दाखवायचं अशी पद्धत आहे. त्या वर्षी आमची पाळी.

“बटाटेवडे कर,” नवरा म्हणाला. “प्रश्न मिटला.”

मी म्हटलं, “अरे, वडे कुणीही करेल. आपण तार टाकू.”

कल्पना मला नकाशाकडे बघताना सुचली, आणि सुचली तेव्हा मी खरोखर खुर्चीवरून उठून उभी राहिले. आमची बाग ओळीत शेवटची. ओळीच्या दुसऱ्या टोकाला संघाचं सभागृह. मधे तीन बागा. सभागृहाला लागून जी बाग आहे ती एका निवृत्त जर्मन आजोबांची, जे मेंदीची उंची पट्टीने मोजतात. त्यांच्यानंतर एक बाई, ज्यांचं सगळं घरदार आपसात रशियन बोलतं. आणि आमच्याला लागून एक इराणी गृहस्थ, दातांचे डॉक्टर, निवृत्तीला आलेले. सभागृह म्हणजे लंडन, मग प्रशिया, रशिया, इराण आणि शेवटी आमचा हिंदुस्थान. मी हे रचून सांगतेय असं प्रोफेसरबाईंनासुद्धा वाटलं होतं. मी त्यांना तिथल्या तिथे उत्सवाचं आमंत्रण दिलं.

नवऱ्याने आधी कपाळाला हात लावला आणि मग, इंजिनिअरच तो, अर्ध्या तासात कागदावर आकृती काढली. दारावरच्या घंटीची वायर, दोन बझर, दोन बटणं, एक बॅटरी. खांब म्हणून घेवड्याच्या वेलांना लावतात ते बांबू. “वायर टाकायला एक दुपार पुरेल,” तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की वायरचं कुणाला पडलंय, खरी मजा परवानग्यांची आहे.

आणि खरंच होती. प्रशियाआजोबांकडे (हे नाव आम्ही घरात ठेवलेलं) मी रीतसर लेखी मसुदा घेऊन गेले. त्यांनी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला. “गेनाऊ,” ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. “पण माझ्या हद्दीत बांबू मी रोवणार. तुम्ही नाही.” मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. त्या काळी खऱ्या प्रशियाची अटही हीच होती, आमच्या भूमीवर काम आमची माणसं करतील. आजोबांनी दुसऱ्या दिवशी पाणसळ लावून बांबू असे रोवले की मिलिमीटरचा फरक नसेल. वर दुपारी एक ते तीन तार बंद, हेही मसुद्यात घालून घेतलं.

रशियाताई त्याहून मजेदार. त्या आधी म्हणाल्या, “मी रशियन नाही हं. आमचं घराणं जर्मनच, फक्त कझाकस्तानात वाढलं.” मी म्हटलं, मला माफ करा, पण नकाशात तुमची जागा तीच येते. त्या मोठ्याने हसल्या आणि मग डोळे बारीक करून विचारलं, “आणि मला यातून काय?” त्या काळी रशियालाही दर निरोपामागे वाटा हवा होता. घासाघीस होऊन शेवटी तहात असं ठरलं की तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक निरोपामागे रशियाताईंना एक बटाटावडा द्यायचा. नवरा म्हणाला, म्हणजे वडे करायचेच आहेत तर.

राहिले इराणी काका. ते तर शेजारचेच, त्यांच्याकडे मसुदा वगैरे काय न्यायचा, असं मला वाटलं. मेंदीवरूनच मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बाग तुमचीच आहे. तुम्हाला हवं ते करा.” मला काय आनंद झाला. प्रशियाला चार कलमं लागली, रशियाला वडे लागले आणि इराणने एका वाक्यात सगळं देऊन टाकलं. शनिवारी सकाळी काका यायच्या आत आम्ही त्यांच्या द्राक्षाच्या मांडवाला लागून बांबू रोवले आणि वायर ताणून घेतली. दुपारी ते आले, वर वायरीकडे बघितलं, हसून मान लववली आणि आम्हाला काचेच्या छोट्या पेल्यांतून चहा आणून दिला.

रविवारी आम्ही बागेत गेलो तर आमच्या फाटकावर वायरीचं भेंडोळं लटकवलेलं. अतिशय नीट गुंडाळलेलं, दोऱ्याने बांधलेलं. बांबू कुंपणाला ओळीने टेकवून ठेवलेले. शेजारी एका पिशवीत ताज्या काकड्या आणि पुदिना.

माझं डोकंच फिरलं. मला राग येतो तेव्हा मी भराभर चालते, तशी मी आमच्या चार वाफ्यांभोवती चालायला लागले. आधी हो म्हणायचं आणि मग असं करायचं, याला काय अर्थ आहे? नाही म्हणायचं होतं तर तेव्हाच तोंडावर नाही म्हणायचं. प्रशियाआजोबा परवडले, निदान बोलले ते पाळतात तरी. माझा पट्टा सुरू होता आणि नवरा खोपट्याच्या पायरीवर बसून काकडी खात होता. त्याच्या हातात माझं ते परत आलेलं प्रकरण होतं. गेले काही दिवस तो त्यातल्या टायपिंगच्या चुका काढत होता.

“अगं, एक मिनिट थांब,” तो म्हणाला. “तू आत्ता जे बोललीस ना, ते इथे पान बारावर आहे.” आणि त्याने वाचून दाखवलं. मीच लिहिलेलं वाक्य. इराणी दरबाराने आधी संमती दिली आणि मग महिनोन्महिने टाळाटाळ केली.

मी चालायची थांबले. “मग? तसंच झालं होतं. सगळ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत आहे.”

“अहवाल त्यांचे. इराणच्या बागेत जाऊन कुणी विचारलं होतं का?” तो म्हणाला, आणि पुढची काकडी उचलली.

तेवढ्यात नेहमीप्रमाणे पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. रविवारी त्यांना बाग बघायची असते. माझा चेहरा बघून त्यांनी लगेच विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं. “अहो आई, स्वतः म्हणाले, बाग तुमचीच आहे, हवं ते करा. मी काय खोटं सांगतेय?”

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला फोन हलायला लागला आणि आम्हाला बराच वेळ फक्त पंखा दिसला. “अगं, आपल्याकडे पण म्हणतात की, घर तुमचंच समजा. म्हणून आपण त्यांचा पलंग उचलून आणतो का? ते बोलायचं असतं. तू नको नको म्हणायचं, मग त्यांनी पुन्हा म्हणायचं, मग तू बसायचं, चहा घ्यायचा, त्यांच्या आईची तब्येत विचारायची, आणि मग कधीतरी खरं काय ते निघतं. हे तुला मी सांगायचं? तिकडे राहून अगदी त्यांच्यातली झालीस बाई तू.”

मला सणसणीत चपराक बसली, आणि तीही हसतहसत. मी पुण्याची. ‘या ना एकदा जेवायला’ याचा अर्थ काय आणि काय नाही, हे मला जन्मापासून माहीत. पण वर्षानुवर्षं जर्मन लोकांत राहून, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही याची इतकी सवय झाली की मी एका माणसाचं स्वागत ऐकलं आणि त्याचा परवाना समजले. आणि त्या इंग्रज अधिकाऱ्यांनी? तेही स्वागत ऐकून आले असतील आणि ‘संमती मिळाली’ असं लिहून मोकळे झाले असतील. मग जे काही महिने गेले, ती टाळाटाळ नव्हती. खरं बोलणं तेव्हा कुठे सुरू झालं असणार.

काकड्यांची पिशवी रिकामी परत करायची नाही, एवढं तरी मला आठवत होतं. संध्याकाळी मी तीत सांज्याच्या वड्या घातल्या आणि इराणी काकांच्या फाटकावर गेले. मसुदा नेला नाही. ते उठून उभे राहिले, या, बसा, बाग तुमचीच. मी म्हटलं, नाही, बाग तुमची आहे आणि आमचं चुकलं. ते म्हणाले छे छे. मी बसले. द्राक्षाच्या मांडवाखाली त्यांची आई खुर्चीत शाल घेऊन बसली होती, तिला मी नमस्कार केला. म्हातारीने माझ्याकडे बघून मान हलवली. चहा आला. तब्येती झाल्या, काकड्या झाल्या, माझा प्रबंध झाला. मी पुन्हा म्हटलं, तार नकोच, आम्ही दुसरं काही करू. ते म्हणाले, असं कसं, तुमचा उत्सव आहे. दुसरा चहा आला. मी त्यांना त्यांच्याच देशातल्या त्या तारेची गोष्ट सांगितली आणि ते पुढे वाकून ऐकायला लागले.

शेवटी त्यांनी पेला खाली ठेवला. “एक गोष्ट सांगू? रागावू नका.” मी म्हटलं, सांगा. “माझी आई इथे दिवसभर बसते. तिला जर्मन येत नाही. फेराइनमध्ये तिच्याशी कुणी बोलत नाही, सगळे तिला लांबून हात करतात. आता तुमची तार बरोबर तिच्या डोक्यावरून जाणार. इकडचे लोक तिकडच्यांशी बोलणार, तिकडचे इकडे. आणि ती खाली बसून बघत राहणार?” त्यांनी आईची शाल सारखी केली. “तार जाऊ दे. पण मग एक बटण इथेही पाहिजे.”

हे कलम मला पाठ होतं. इराणमधून हिंदुस्थानाकडे तार गेली, तेव्हा इराणने एक तार स्वतःच्या वापरासाठी राखून घेतली होती. माझ्या प्रकरणात ते होतं, एका ओळीत, ‘इतर तांत्रिक तरतुदी’ या मथळ्याखाली. प्रोफेसरबाई इराणला शोधत होत्या आणि मी त्याला तांत्रिक तरतुदींत बसवून ठेवलं होतं.

मी काकांचे आभार कसे मानले ते मला आठवत नाही. मी पळतच आमच्या बागेत आले आणि नवऱ्याला म्हणाले, “तिसरं बटण लागेल, बझरसुद्धा. इराणमध्ये.” त्याने आकृतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि वाद न घालता पेन्सिल उचलली.

तीन बागांवरून इतिहास लिहिता येत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून पुढचे आठवडे मी सगळे कागद पुन्हा काढले. तेच अहवाल, तेच करार, पण आता मी ‘संमती’ या शब्दाशी थांबून विचारत होते, ही कोणत्या चहाला मिळालेली संमती? अधिकारी जिथे उशीर झाला म्हणून कुरकुरत होते, तिथे त्या उशिरात काय काय बदललं ते मी शोधायला लागले, आणि बरंच सापडायला लागलं. प्रत्येक उशिरानंतरच्या मसुद्यात इराणच्या बाजूचं काहीतरी वाढलेलं असायचं. मी इतकी खूश होते की ग्रंथालयातल्या बाईंनी मला दोनदा गप्प केलं. नवं प्रकरण मी उत्सवाच्या आधी प्रोफेसरबाईंना पाठवून दिलं. त्यांचं उत्तर आलं नाही.

उत्सवाच्या दिवशी अर्थातच पाऊस भुरभुरत होता. हॅम्बर्गमध्ये त्याला कुणी पाऊस म्हणत नाही, त्यामुळे सगळे आले. प्रोफेसरबाई रेनकोट घालून आल्या आणि सरळ सभागृहाकडे, म्हणजे लंडनला गेल्या. त्यांनी प्रकरणाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि माझीही विचारायची हिंमत झाली नाही. नवरा हिंदुस्थानात बॅटरीपाशी बसला. मी लंडनच्या बझरपाशी. लोक रांगेने बटण दाबत होते, लंडनहून ‘हॅलो’ जात होता, हिंदुस्थानातून उत्तर येत होतं, आणि रशियाताई बशी हातात घेऊन आपले वडे मोजून घेत होत्या. प्रशियाआजोबा आपल्या बांबूंखाली छत्री धरून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कसे रोवले हे सांगत होते.

मग मधेच, आमच्या बाजूने कुणीही बटणाला हात लावलेला नसताना, लंडनचा बझर वाजला. एक लांब आवाज. मग थांबून दोन छोटे. मग पुन्हा लांब. ते तारेच्या कुठल्याच लिपीत नव्हतं. सभागृहातले लोक बोलायचे थांबले. दारातून ओळीच्या पार टोकाला दिसणारा माझा नवरा दोन्ही हात वर करून दाखवत होता, की मी नाही.

बझर वाजतच राहिला. कधी सलग, कधी तुटक, जोरात, ज्याला खूप दिवसांत कुणी बोलू दिलं नाही त्याने बोलावं तसा. मांडवाखालची शाल मला इथून दिसत होती, आणि तिच्याशेजारी वाकून उभे राहिलेले काका.

प्रोफेसरबाईंनी रेनकोटची टोपी मागे सारली आणि बझरकडे कान नेला. त्या बराच वेळ ऐकत होत्या.

“कोण बोलतंय?” त्यांनी विचारलं.

“इराण,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. “हो,” त्या म्हणाल्या, “मी वाचलं. शिफारस काल पाठवली.” आणि मग त्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांना उत्तर द्यायचं होतं.